गेटवरचा तो फोटो आधी काढा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, सेक्रेटरी मॅडम, खजिनदार आणि कमिटीतले बाकीचे सगळे,

स.न.वि.वि.

पार्किंगमधल्या गाड्या फोडल्याच्या प्रकरणात तुम्ही लावलेल्या निकालाबद्दल आणि कामवाल्या मावशींच्या गेटवर लावलेल्या फोटोबद्दल हे पत्र आहे. ते खरं तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं होतं, पण गेल्या महिन्यापासून ग्रुप "ओन्ली अॅडमिन" केलाय तुम्ही, आणि ऑफिसात लेखी दिलेला अर्ज "पुढच्या मीटिंगला बघू" म्हणून फायलीत गेला त्यालाही अठरा दिवस झाले. म्हणून मग इथे, सगळ्यांसमोर. सोसायटीचं नाव लिहीत नाही, पर्वती पायथ्याच्या आसपास आहे एवढं पुरे, कुणाची अब्रू काढायची नाहीये मला. आणि तसंही पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटणार आहे.

मी बी विंगमधली. बावीस वर्षं गाड्यांचे इन्शुरन्स काढते, तुमच्यातल्या चौघांच्या पॉलिसी माझ्याकडेच आहेत, तेव्हा हे भांडण म्हणून घेऊ नका, रिन्यूअलची आठवण मी दरवर्षीसारखीच करणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात एका रात्री दोनच्या सुमाराला चार पोरांनी आमच्या पार्किंगमधल्या अकरा गाड्या फोडल्या. काचा, आरसे, सीटवर ब्लेड, दोन टायर. पुण्यात आता ही बातमीसुद्धा राहिली नाही, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि लोक पान उलटतात. त्या अकरातली एक माझी, अॅक्टिव्हा, सीट उभी-आडवी फाडलेली आणि दोन्ही आरसे खाली पडलेले. सकाळी सातला खाली आले, ते बघितलं आणि ग्रुपवर काय लिहिलं ते तुम्हाला आठवत असेलच, "एकेकाला धरून फोडून काढा". तो मेसेज माझाच. स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा, मी नाकारणार नाही. मी काही साधुसंत नाही हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना "हिला काय जातंय बोलायला" असं कुणाला वाटायला नको.

कॅमेऱ्यात चार पोरं दिसली. तीन आपलीच, ए आणि सी विंगमधली, दहावी-अकरावीची. चौथा मावशींचा मुलगा, सोळाचा. मावशी म्हणजे आपल्याकडे सात घरी धुणंभांडी-फरशी करायच्या त्या. "करायच्या" असं लिहावं लागतंय आता.

दोन दिवसांत तुम्ही सात जण ऑफिसचं दार लावून बसलात आणि निकाल लावलात. आपल्या तिघांच्या आईवडिलांना बोलावलं, प्रत्येकी पंधरा हजार घेतले, माफीचं एकच टाईप केलेलं पत्र फक्त नाव बदलून तिघांकडून सही करून घेतलं, विषय बंद. चौथ्याची क्लिप घेऊन चौकीवर गेलात. आणि त्याच संध्याकाळी वॉचमनच्या खिडकीशेजारी मावशींचा फोटो लागला, चांगला लॅमिनेट केलेला, खाली "या महिलेस सोसायटीत प्रवेश नाही. आदेशावरून." पाट्यांचं आपल्याला कौतुक आहे, पाटी खोचक असावी, वाचणाऱ्याला झोंबावी हे सगळं मान्य, पण माणसाचा फोटो लावलेली पाटी मी आजवर फक्त पोलीस स्टेशनच्या भिंतीवर बघितली होती.

आता माझ्या तक्रारी. एकेक घेते.

पहिली पैशाची, कारण तो माझा धंदाच आहे. नुकसान झालं अकरा घरांचं आणि पंचेचाळीस हजार गेले सोसायटीच्या फंडात, त्यातून आले चार नवीन कॅमेरे. माझे सीटला आणि आरशांना मिळून साडेतीन हजार गेले ते माझ्या पर्समधून गेले. क्लेम केला नाही, कारण एवढ्याशा रकमेसाठी नो क्लेम बोनस घालवणं हा मूर्खपणा आहे हे मीच लोकांना रोज सांगते. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट असते आणि एक क्लेम टाकला की परत शून्यापासून. सी विंगच्या दादांची तर नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतीच पॉलिसी होती, त्यांना कुठूनच दमडी मिळणार नाही. मग पोरांच्या आईवडिलांनी भरपाई नक्की कुणाला दिली? कॅमेऱ्यांना?

दुसरी त्या क्लिपची. ती मी नीट बघितली, तीनदा बघितली. क्लिप नेमकी तिथून सुरू होते जिथे आपली तीन पोरं खांबामागे गेलेली आहेत आणि समोर फक्त एकटा दिसतोय. हे कापलं कुणी ते विचारत नाही. पण ती क्लिप ग्रुपवरून कुठल्या कुठे गेली, माझ्या नणंदेला ती धायरीत आली. बालन्याय कायदा २०१५, कलम ७४, कायद्यात अडकलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करायला बंदी आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्ह्याचा तपास करता करता आपण स्वतःच काय करून बसलो ते बघा.

तिसरी वॉचमनकाकांची. "झोपला होता" म्हणून त्यांच्या पगारातले दोन हजार कापले. ते झोपलेले नव्हते, मागच्या बाजूला पाण्याची मोटर चालू करायला गेले होते, रात्री दोनला मोटर लावायची ड्युटी त्यांना आपणच दिलेली आहे कारण पाणी तेव्हाच येतं. हे त्यांना कुणी विचारलंच नाही. बस, एवढंच.

चौथी मावशींची. मुलाने गाड्या फोडल्या तर आईची सात घरं बंद? आपल्या तिघांच्या आयांना कुणी लिफ्ट वापरायला बंदी केली का? २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला तेव्हा दांडेकर पुलाच्या वस्तीत हिच्या घरातलं सगळं वाहून गेलं होतं, तेव्हा याच सोसायटीने वर्गणी काढून हिला चादरी आणि भांडी दिली, फोटो काढून ग्रुपवर टाकले होते आपण. तोच चेहरा आता गेटवर लावलाय. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली वेगळा कायदा केलाय, आपलं हे प्रकरण त्यात बसतं की नाही ते वकील सांगतील, पण मराठीत याला वाळीत टाकणंच म्हणतात.

आणि पाचवी, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. तुम्ही आम्हाला विचारलंच नाही. अकरा घरांपैकी एकालाही बोलावून "तुमचं काय झालं, तुम्हाला काय हवंय" असं विचारलं नाही. निकाल लागल्याचं आम्हाला ग्रुपवर कळलं, अंगठ्याच्या इमोजीसकट.

बावीस वर्षं मी नुकसानभरपाईत घालवली. अपघात होतो, सर्व्हेयर येतो, फोटो काढतो, चेक येतो, गाडी रंगून झोकात घरी येते. आणि सहा महिन्यांनी क्लायंटचा फोन येतो, "मॅडम, तो माणूस रिव्हर्स घेताना मागे बघत का नसेल हो?" पैसे मिळालेले असतात, प्रश्न तसाच असतो. त्याचं उत्तर ना माझ्याकडे, ना कंपनीकडे, ते फक्त त्या रिव्हर्स घेणाऱ्याकडे असतं आणि त्याची-ह्याची गाठ पुन्हा कधी पडतच नाही.

तसंच आमच्याकडे ए विंगच्या काकांचं झालं. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटेच असतात. त्यांची निळी बजाज चेतक, १९८९ ची, आपल्या आकुर्डीतच बनलेली. आता ते चालवत नाहीत पण दर रविवारी खाली येतात, फडक्याने पुसतात, मग हँडल धरून स्कूटर एका अंगावर तिरकी करतात, क्षणभर तशीच धरतात, सरळ करतात आणि किक. ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. चार-पाच किकमध्ये सुरू झाली की पाच मिनिटं नुसती चालू ठेवतात आणि बंद करून वर जातात. या स्कूटरवरून त्यांनी मुलीला पुढे उभं करून शाळेत सोडलं, पुढे काकूंना डायलिसिसला नेलं. त्या रात्री पोरांनी हेडलाइट फोडला आणि स्कूटर आडवी पाडली, साइडचा पत्रा चेपला, पेट्रोल सांडून फरशीवर डाग पडला तो अजून आहे. काकांना कुणी पैसे विचारले असते तर त्यांनी घेतलेही नसते. ते फक्त मला एकदा जिन्यात म्हणाले, "माझीच का गं पाडली? मी कुणाला काही बोललो होतो का?" आणि मग कळलं की हा माणूस रोज रात्री जागा राहून आठवतोय की गेल्या वर्षभरात आपण कुठल्या पोराला ओरडलो.

आता तुमचे पंचेचाळीस हजार, चार कॅमेरे आणि लॅमिनेट केलेला फोटो, यातलं काय उपयोगाचं आहे काकांना?

मग मी एक उद्योग केला. तुम्हाला न विचारता केला ते खरं आहे. माझी भाची लॉ करते, तिच्याशी बोलले, ती म्हणाली याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, मराठीत पुनर्स्थापनात्मक न्याय, म्हणजे ज्याने नुकसान केलं आणि ज्याचं झालं त्यांनी समोरासमोर बसून ते कसं भरून काढायचं ते ठरवायचं. हा शब्द म्हणता म्हणता चहा गार होतो, त्यामुळे आम्ही त्याला नुसतं "बैठक" म्हणायला लागलो. मावशींना गेटच्या आत यायला बंदी, म्हणून गेटसमोरच्या अमृततुल्यच्या बाकड्यांवर बसलो, दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. काका, मी, ए विंगमधली ती नवीन मुलगी जिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, मावशी, त्यांचा मुलगा, आणि आपल्या तिघांपैकी एक जण त्याच्या आईबरोबर. ती माउली नवऱ्याला न सांगता आली होती. सगळे आपापल्या मर्जीने आलेले, कुणाला ओढून आणलं नव्हतं. उरलेल्या दोघांच्या घरून "आमचं सेटल झालंय" असं उत्तर आलं. बरोबरच आहे, पावती आहे त्यांच्याकडे.

भाची मधे बसली, ती इथे राहत नाही, कुणाची नातेवाईक नाही (माझी आहे, ते मी आधीच सगळ्यांना सांगितलं आणि कुणाची हरकत आहे का विचारलं). तिने भाषण दिलं नाही, फक्त चारच प्रश्न विचारले. काय झालं? तेव्हा डोक्यात काय चाललं होतं? यात कुणाकुणाला काय भोगावं लागलं? आणि आता नीट करायला काय करता येईल? एक जण बोलत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही, हा एकच नियम. पुण्यात तो पाळणं सर्वात अवघड, मीच दोनदा मोडला.

पहिल्या प्रश्नालाच जे बाहेर आलं ते तुमच्यापैकी एकाला माहीत आहे, बाकी सहा जणांना माहीत नसावं. त्या संध्याकाळी पोरं पार्किंगमध्ये फुटबॉल खेळत होती, कमिटीतल्या एकांनी बॉल जप्त केला. ठीक आहे, नियम आहे. पण आपल्या तिघांना "घरी जा" म्हटलं आणि मावशींच्या पोराच्या कानाखाली काढली, "तू इथला नाहीस, तू कसा आत आलास" म्हणून. तो आईला घ्यायला आला होता. मित्रांसमोर खाल्लेली थोबाडीत, आणि मित्रांनाही ती लागली, तिघंही त्याच्यापेक्षा जास्त चिडले होते म्हणे. ब्लेड आणलं ते आपल्याच पोराने, हे त्याने आईसमोर स्वतः सांगितलं. ज्यांची गाडी फोडायची ठरली होती ती शटरच्या आत होती, मग हाताला लागेल ती. यातून कुणाला माफी मिळत नाही, मी देतही नाही, माझी सीट त्या थोबाडीतीत कुठेही नव्हती. पण निकाल लावायच्या आधी हे माहीत असायला हवं होतं की नको?

मग काकांनी विचारलं. "माझी चेतक का रे?"

मावशींचं पोरगं बराच वेळ ग्लासातल्या चहाकडे बघत बसलं, वर साय धरली चहावर. मग म्हणालं, "तिथला दिवा बंद होता ना आजोबा."

"म्हणजे माझ्यावर राग नव्हता?"

"कुणाची आहे तेच माहीत नव्हतं."

काका एकदम हसले. खरंच हसले, आणि मग चष्मा काढून पुसत राहिले. दिवा बंद होता, बास, एवढंच होतं ते. महिनाभर माणूस झोपला नाही त्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं होतं आणि ते त्या पोराशिवाय जगात कुणाकडेच नव्हतं. (त्या बंद दिव्याचा अर्ज मी कमिटीकडे दिलेला आहे, त्याला आता पाच महिने होतील. पोचपावती आहे.)

ती बाळवाली मुलगी आधी काही बोलायलाच तयार नव्हती. नवरा हिंजवडीला नाइट शिफ्टला, त्या रात्री काचांचा आवाज ऐकून तिने सोफा ओढून दाराला लावला आणि सकाळपर्यंत बाळाला घेऊन बाथरूममध्ये बसून राहिली. अजूनही ती संध्याकाळनंतर पार्किंगमध्ये एकटी जात नाही. तिच्या गाडीचा नुसता एक आरसा गेला होता, तुमच्या यादीत ती "किरकोळ" मध्ये आहे. आपला मुलगा म्हणाला, "आम्हाला वाटलं खाली कुणी नाहीये." ती म्हणाली, "मी वर होते." तो त्यावर काहीच बोलला नाही, पण जाताना तिच्या बाळाची पिशवी त्याने गेटपर्यंत धरली.

दीड तास चाललं हे, तीन कटिंग प्रत्येकी, बिल मी दिलं. ठरलं ते असं की दोघं पोरं काकांबरोबर नाना पेठेत जाऊन हेडलाइटची काच शोधणार, पत्रा सरळ करणार, आणि स्कूटर चालू होईपर्यंत दर रविवारी येणार. बाळवालीने मागितलं की ती रात्री उशिरा खाली उतरते त्या दिवशी आपल्या पोराने पार्किंगपर्यंत सोबत यायचं. त्याच्या आईने मान हलवली.

हे मी शोधून काढलेलं नाही. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात एलमायरा म्हणून छोटं गाव आहे, तिथे १९७४ मध्ये दोन दारू प्यायलेल्या पोरांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली, टायर फाडले, काचा फोडल्या, थेट आपलंच पार्किंग म्हणा ना. त्यांच्या प्रोबेशन ऑफिसरने जजना सुचवलं की यांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात उभं करू. जज आधी म्हणाले कायद्यात असं काही बसत नाही, मग तयार झाले. पोरं दार वाजवत घरोघर गेली, समोरच्याचं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत भरपाई फेडली. त्यातल्या एकाने पुढे मोठेपणी हेच काम केलं. न्यूझीलंडने तर १९८९ पासून अल्पवयीन मुलांसाठी कायदाच केलाय, पोरगं, त्याच्या घरचे, ज्याचं नुकसान झालं तो आणि पोलीस असे एकत्र बसून ठरवतात, कारण आमची पोरं उचलून नेता आणि संस्थांमध्ये टाकता ही तिथल्या मूळच्या माओरी लोकांची जुनी तक्रार होती. आणि नॉर्वेचे निल्स ख्रिस्ती नावाचे गुन्हेशास्त्रज्ञ १९७७ साली म्हणून गेले की तंटा ही ज्यांचा तंटा त्यांची मालमत्ता असते आणि वकील-सरकार मिळून ती त्यांच्याकडून चोरतात. हे भाचीने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा नेमका शब्द सापडला. गाड्या पोरांनी फोडल्या, पण आमचं भांडण तुम्ही चोरलंत.

फार लांब जायचं नसेल तर आपल्याकडेच बघा. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, माझे मामा त्यांच्या गावच्या समितीवर होते. बांधावरून भांडणारे दोन भाऊ आले की मामा त्यांना एकाच घोंगडीवर बसवायचे आणि बोलणं संपल्याशिवाय चहा नाही. सगळंच काही छान होतं असं नाही, बक्षिसाच्या पैशातून कमान रंगवण्यावरून पुढे समितीतच तंटा झाला. पण गावाला निदान बसायला घोंगडी तरी होती. शहरात आपल्याकडे काय आहे? ग्रुप, आणि तोही ओन्ली अॅडमिन.

मी हे चेअरमन साहेबांना लिफ्टमध्ये सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे निबंध लिहायला लावून सोडायचं का?" सगळे हसले, मलाही क्षणभर काही सुचलं नाही. मे २०२४ मधलं कल्याणीनगर पुण्यात कुणी विसरलेलं नाही, गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध. पुढे तो आदेश बदलला, पण चीड राहिली ती राहिलीच, आणि ती रास्तच होती. पण साहेब, त्या निबंधाच्या अटीत ज्यांची मुलं गेली त्या आईवडिलांना जागा कुठे होती? मी म्हणते त्याच्या ते अगदी उलटं आहे. आणि खरं सांगू का, तुमचं ते टाईप केलेलं माफीपत्र म्हणजे काय वेगळं? निबंधच तो, तोही आयता. त्या पोराला मात्र काकांच्या डोळ्यात बघून बोलावं लागलं, त्यापेक्षा त्याने तीन निबंध खुशीने लिहिले असते.

दुसरा आक्षेप सेक्रेटरी मॅडमचा, की ही तर जातपंचायत झाली. नाही हो. जातपंचायतीत पंच ठरवतात आणि बाकीच्यांनी भोगायचं असतं. दार लावून सात जणांनी निकाल द्यायचा आणि एकीला वेशीबाहेर काढायचं, यातली पंचायत कुठली ते तुम्हीच ठरवा. हेही सांगते की प्रत्येक गोष्टीला हे औषध नाही. जीव गेलाय, बाईवर हात टाकलाय, घरात मारहाण होतेय, तिथे "बसून मिटवा" म्हणणं म्हणजे दबाव आणणं, तिथे पोलीस आणि कोर्टच पाहिजे. ज्याला समोर बसायचं नाही त्याला बसवायचं नाही. आणि ज्याने केलं तो "मी केलंच नाही" म्हणत असेल तर बैठकीला अर्थच नाही. परदेशात यावर बरेच प्रयोग झालेत, ज्यांचं नुकसान झालं त्यांचा राग आणि भीती कमी होते असं त्यात दिसलं, पोरं पुन्हा तसं करण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. थोडंच, जादू नाही.

आणि कायदा आड येतो म्हणाल तर तसंही नाही. चौकीवर जे साहेब होते ते साध्या कपड्यात पोराशी बोलले, एफआयआर न करता डायरीत नोंद केली, घरची माहिती घेतली. तुम्हाला वाटलं ते टाळाटाळ करतायत. पण बालन्याय कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत तसंच आहे, अल्पवयीन मुलाने फार गंभीर गुन्हा केला नसेल आणि बरोबर कुणी मोठा माणूस नसेल तर एफआयआर करायचा नसतो. त्याच कायद्यात समुपदेशन आहे, समाजसेवेचा आदेश आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर मोठ्या माणसांनासुद्धा शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात कम्युनिटी मीडिएशनचं वेगळं प्रकरण आहे, फौजदारी खटले त्यात येत नाहीत, पण फुटबॉलवरून सुरू झालेलं भांडण येतं की. मावशींच्या मुलाचं पुढे बाल न्याय मंडळ काय ते बघेल, त्यात मी ढवळाढवळ करणार नाही, विचारलं तर बैठकीत काय झालं ते खरं सांगेन.

तर आता काय हवंय ते. मावशींचा फोटो गेटवरून आज काढा, उद्या नाही, आणि त्यांना कामाला येऊ द्या, ज्यांना त्या नको असतील त्यांनी आपल्या घरापुरतं ठरवावं. क्लिप ग्रुपवरून काढा आणि सगळ्यांना डिलीट करायला सांगा. वॉचमनकाकांचे दोन हजार परत द्या. पंचेचाळीस हजारांचा हिशोब नोटीस बोर्डावर लावा आणि ते अकरा घरांत नुकसानीप्रमाणे वाटा, कॅमेऱ्यांचं बिल सोसायटी भरेल, मेंटेनन्स आम्ही कशासाठी देतो. चौघांना एकच माप लावा, चौकी तर चौघांना चौकी, बैठक तर चौघांना बैठक. येत्या दोन आठवड्यांत क्लबहाऊसमध्ये एक पूर्ण बैठक घ्या, अकरा घरं, चार पोरं, त्यांचे आईवडील, वॉचमनकाका, आणि ज्यांनी थोबाडीत मारली तेही, खुर्च्या गोल मांडून, टेबल मधे न ठेवता. चालवायला बाहेरचा माणूस बोलवा, कमिटीतला नको, माझी भाचीही नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित मध्यस्थ असतात, पत्र द्यायला मी येते शिवाजीनगर कोर्टात. पोरांना संध्याकाळी सहा ते सात बॉल खेळायला जागा कुठे द्यायची हे त्याच बैठकीत ठरू दे. आणि यापुढे असं काही झालं तर निकालाआधी ज्याचं नुकसान झालं त्याला विचारायचं, हा ठराव एजीएमला आणा. मी मांडते, अनुमोदन काका देणार आहेत.

आणि हो, तो दिवा.

आपली,
बी विंगमधली इन्शुरन्सवाली

ता. क. हेडलाइटची काच नाना पेठेत चौथ्या दुकानात मिळाली, जुन्या मालातली, पोरांनी आपल्या पैशाने घेतली. मावशींच्या मुलाला आत सोडत नाहीत म्हणून काका रविवारी सकाळी दहाला स्कूटर ढकलत गेटबाहेर नेतात आणि काम फुटपाथवर चालतं. गेल्या रविवारी वॉचमनकाकांना "वाहन बाहेर जाण्याची" एन्ट्री करायला लावलीत, वेळ, नंबर, कारण सगळं. कारणाच्या रकान्यात काकांनी काय लिहिलंय ते रजिस्टर मागवून एकदा वाचा. पत्रा अजून चेपलेलाच आहे, या रविवारी हातोडी लागणार आहे, कुणाकडे रबराची असेल तर घेऊन या.